जुन्या रायफली, ऑनलाइन सौदे आणि पैसे : जिल्हा रायफल संघटना व शूटिंग क्लबांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि प्रशिक्षक,
महाराष्ट्रातील जिल्हा रायफल संघटना व शूटिंग क्लब

सप्रेम नमस्कार.

तुमच्या क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून एक जाहिरात पडते. ‘वॉल्थर एलजी ४००, तीन वर्षे वापरलेली, दोन सिलिंडर, किंमत फिक्स, इच्छुकांनी पर्सनलवर यावे.’ दहा मिनिटांत खाली ‘अजून आहे का?’ सुरू होते. त्याच संध्याकाळी कोणाचे तरी वडील ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, टोकन टाका’ हे वाक्य ऐकून पंचवीस-तीस हजार रुपये पाठवून मोकळे होतात. जाहिरात खरी असली तर ठीक. खोटी असली, तर क्लबकडून उत्तर येते की ग्रुपवरच्या व्यवहारांशी आमचा संबंध नाही.

हे पत्र त्या उत्तराबद्दल आहे. आम्ही रेंजवर, बँकेच्या काउंटरवर आणि हत्यारांच्या दुरुस्तीच्या टेबलावर काम करणारे काही जण आहोत. क्लबने कोणाचे पैसे सांभाळावेत असे आमचे म्हणणे नाही, उलट सांभाळू नयेतच. पण आधी ओळख, मग तपासणी, मग कागद आणि शेवटी पैसे हा क्रम क्लबने ठरवून द्यावा. तो ठरवण्याइतका अधिकार तुमच्याकडे नक्की आहे, कारण घेणाऱ्याने विश्वास ठेवलेला असतो तो तुमच्या ग्रुपच्या नावावर.

आधी एक भेद स्पष्ट करू, कारण बरेच पालक दोन्ही हत्यारांना एकच समजतात. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला पदक मिळवले तो प्रकार ५० मीटर रायफल थ्री पोझिशन. त्यात .२२ ची रायफल लागते आणि तिला शस्त्रपरवाना लागतो. मुले सुरुवात करतात ती १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तुलावर. ४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला परवान्याची गरज नाही. स्पर्धेची एअर रायफल साधारण साडेसात ज्यूलच्या आसपास असते, म्हणजे मर्यादेच्या बरीच आत. या दोन्हींचे पैसे देण्याचे मार्ग सारखेच दिसले, तरी वेळापत्रक अगदी वेगळे आहे. एअर रायफलचा व्यवहार दोन दिवसांत उरकतो. परवान्याच्या हत्याराचा व्यवहार दीड महिन्याच्या आत होऊच शकत नाही, आणि तो ‘आज रात्रीच’ करू म्हणणारा माणूस एक तर कायदा जाणत नाही किंवा तुम्हाला गंडवतो आहे.

विनापरवाना पिस्तुलाच्या ज्या जाहिराती टेलिग्राम-इन्स्टाग्रामवर दिसतात, त्यांच्याबद्दल एवढेच सांगतो की तिथे सुरक्षित पेमेंट असे काही नसते. बहुतेक ठिकाणी पिस्तूलच नसते. आगाऊ रक्कम गेली की पुढे ‘पोलीस’ म्हणून दुसऱ्याच माणसाचा फोन येतो आणि प्रकरण मिटवायचे पैसे मागितले जातात. आणि पिस्तूल खरेच असले, तर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. अशी लिंक ग्रुपवर आली, तर अ‍ॅडमिनने ती काढून टाकून पोलिसांना कळवावी. त्यावर चर्चासुद्धा होऊ देऊ नये.

आता एअर रायफलकडे वळू. फसवणूक अशी चालते : फोटो परदेशी विक्रीच्या पानांवरून उचललेले असतात आणि सिरियल नंबर पुसट केलेला असतो. विकणारा ‘सैन्यात’ किंवा ‘निमलष्करी दलात’ असतो, नुकतीच बदली झालेली असते, त्यामुळे त्याला प्रत्यक्ष भेटता येत नाही. ओळख म्हणून तो कॅन्टीन कार्डाचा किंवा आधारचा फोटो पाठवतो, आणि ते कार्ड मागच्या वेळी फसलेल्या माणसाचे असते. टोकन मिळाले की कुरियरची ‘रिफंडेबल’ अनामत, मग विमा, मग गेट पास. प्रत्येक रक्कम मुद्दाम लहान ठेवलेली असते, म्हणजे आधीचे पैसे वाचवण्यासाठी माणूस पुढचे देत राहतो. माल ‘कस्टम्समध्ये अडकला’ हा याचाच थोडा महागडा प्रकार. सीमाशुल्क कोणाच्या खासगी यूपीआय आयडीवर कधीच भरले जात नाही.

अलीकडे याहून वाईट एक प्रकार वाढला आहे. ओळखीच्या प्रशिक्षकाचे व्हॉट्सअ‍ॅप खातेच ताब्यात घेतले जाते आणि त्याच्या नावाने ग्रुपवर जाहिरात टाकली जाते. फोटो त्यांचा, नंबर त्यांचा, बोलण्याची ढब मात्र थोडी वेगळी. म्हणून ‘ग्रुपमधलेच आहेत’ हा पुरावा धरू नका. साध्या फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर नव्हे, आवाज ऐकून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही हलू नये.

विकणाऱ्याकडून पहिली मागणी व्हिडिओ कॉलची असावी, आणि त्या कॉलमध्ये काय बघायचे तेही ठरलेले असावे. एका कागदावर त्या दिवसाची तारीख आणि घेणाऱ्याचे नाव पेनाने लिहून तो कागद रायफलच्या सिरियल नंबरशेजारी धरायला सांगा. मग कॅमेरा सिलिंडरवर, म्हणजे रायफलला दाबलेली हवा पुरवणाऱ्या नळकांड्यावर न्यायला सांगा. सिलिंडरवर निर्मितीची तारीख कोरलेली असते, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या नियमांनुसार सिलिंडर उत्पादकाने दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त दहा वर्षे, वापरता येतो. आठ-नऊ वर्षे झालेला सिलिंडर म्हणजे लवकरच नवा घ्यावा लागणार, तेव्हा त्याची किंमत सौद्यातून वजा करून बोला. ही तारीख बऱ्याच विकणाऱ्यांनी स्वतःही कधी पाहिलेली नसते. ठगाला मात्र यातले काहीच दाखवता येत नाही, आणि ‘नेटवर्क नाही’ म्हणून कॉल तिथेच संपतो. इतक्या लवकर आणि फुकटात होणारी दुसरी चाळणी आम्हाला माहीत नाही.

पैसे कोणत्या मार्गाने द्यावेत, यावर ग्रुपवर नेहमी वाद होतो. यूपीआय चांगले की वाईट, असा तो वाद असतो, आणि प्रश्नच चुकीचा आहे. यूपीआय, आयएमपीएस आणि एनईएफटी या तिन्हींत एकदा गेलेले पैसे तुमच्या एका शब्दावर परत येत नाहीत. कार्डाच्या व्यवहाराला निदान बँकेमार्फत आव्हान देता येते, पण दोन खासगी माणसांच्या सौद्यात कार्ड घासायला मशीन नसते. तेव्हा मार्ग निवडायचा तो दोन गोष्टी पाहून : समोरच्याचे खरे नाव कळते का, आणि नंतर दाखवायला कागद उरतो का.

यूपीआयचा खरा उपयोग नाव तपासायला होतो. एक रुपया पाठवा आणि पडद्यावर बँकेत नोंदलेले नाव काय येते ते पाहा. ते नाव विकणाऱ्याच्या ओळखपत्रावरच्या नावाशी जुळले नाही, तर सौदा तिथेच थांबवा. ‘बायकोचं खातं आहे’, ‘दाजींचं आहे’ ही कारणे खरी असतीलही. तरी पैसे त्याच खात्यात हवेत ज्याच्या मालकाच्या नावाने विक्रीपावती होणार आहे. पैसे घेणाऱ्यांनी एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी : पिन टाकावा लागतो तो फक्त पैसे देताना. पैसे मिळायला पिन लागत नाही आणि क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. दोन व्यक्तींमधली ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, तेवढा एक सापळा कमी झाला. क्यूआरचा सापळा अजून आहे. शिवाय व्यक्तीला पैसे पाठवायची यूपीआयची मर्यादा बहुतेक बँकांत दिवसाला १ लाख आहे, त्यामुळे चांगल्या रायफलचे पैसे दोन दिवसांत तुकडे करून द्यावे लागतात. तुकडे पडले की कोणता तुकडा कशासाठी हा वाद उभा राहतो.

मुख्य रकमेसाठी आम्ही एनईएफटी सुचवतो. ती चोवीस तास, दर अर्ध्या तासाच्या बॅचने चालते. महत्त्वाचे म्हणजे, रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये खाते क्रमांक व आयएफएससी टाकल्यावर खातेदाराचे नाव पैसे पाठवण्याआधी बघायची सोय आहे. त्यापूर्वी तुम्ही फॉर्मवर लिहिलेले नाव कोणी ताडून पाहत नसे. पैसे केवळ खाते क्रमांकावर जमा होत, आणि एक आकडा चुकला की भलत्याच्या खात्यात. रेंजवर उभे राहून लगेच पैसे पोहोचायला हवे असतील, तर ५ लाखांपर्यंत आयएमपीएस चालते. दोन्ही वेळी अडचण एकच येते. नवा लाभार्थी जोडल्यावर पहिले काही तास, कित्येक बँकांत पूर्ण दिवस, मोठी रक्कम जात नाही. रविवारी सकाळी दोन्ही कुटुंबे रेंजवर जमतात, रायफल पसंत पडते, आणि अ‍ॅप म्हणते ५० हजारांच्या वर जाणार नाही. मग घाईत कोणाच्या तरी मामाच्या खात्यातून पैसे पाठवले जातात, आणि त्यातून पुढे काय होते ते लवकरच सांगतो. भेटीच्या आदल्या दिवशी लाभार्थी जोडून ठेवला की हा प्रश्नच येत नाही.

रोख रकमेला लोक उगाच घाबरतात. २ लाखांच्या आतली रोख बेकायदा नाही. २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घेतली, तर आयकर कायद्यानुसार तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला होतो. आतली रक्कम रोखच द्यायची असेल तर विकणाऱ्याच्या बँकेत जाऊन काउंटरवर थेट त्याच्या खात्यात भरा. नोटा मशीन मोजते, खोटी असेल तर तिथेच कळते, आणि शिक्क्याची स्लिप मिळते. रेंजच्या पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर मोजलेल्या नोटांचा हिशेब नंतर कोणालाच लागत नाही. धनादेश मात्र वटल्याशिवाय रायफल हातातून सोडायची नाही. परत आलेल्या धनादेशावर कायदा आहे, पण ३० दिवसांत नोटीस, पुढे १५ दिवसांची मुदत, मग महिन्याच्या आत तक्रार, आणि त्यानंतर तारखा. मुलाची स्पर्धा तोवर होऊन गेलेली असते. डिमांड ड्राफ्ट घेतला तर तो ज्या बँकेचा आहे तिच्या शाखेत नेऊन खरा आहे का ते विचारा. त्यावर काढणाऱ्याचे नावही छापलेले असते, ते घेणाऱ्याच्या नावाशी ताडून पाहा.

प्रत्यक्षात व्यवहार कसा बसवायचा ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, रायफलची किंमत १ लाख ६० हजार ठरली. व्हिडिओ कॉल आणि एक रुपयाची नावतपासणी झाल्यावर टोकन ५ हजार, त्याहून जास्त नको, कितीही घाई असली तरी. टोकन पाठवताना शेऱ्यात सिरियल नंबर लिहा. टोकन कधी परत मिळेल आणि कधी नाही, ते दोन ओळींत मेसेजवर आधीच कबूल करून घ्या. भेट विकणाऱ्याच्या नव्हे, घेणाऱ्याच्याही नव्हे, क्लबच्या रेंजवर. तिथे सिलिंडर २०० बार दाबापर्यंत भरा. भरताना सिलिंडर गरम होतो, आणि गार होताना दाबाचा काटा थोडा खाली येतो, ती गळती नव्हे. म्हणून अर्ध्या तासाने काटा कुठे आहे ते लिहा आणि फोटो काढा. रायफल रात्रभर क्लबच्या कुलूपबंद कपाटात राहील, पैसे रात्रभर घेणाऱ्याच्या खात्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सुमाराच्या तापमानाला काटा जिथल्या तिथे असला, तर सील ठीक आहेत. मग क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) दहा पेलेट, म्हणजे एअर रायफलच्या छोट्या गोळ्या, मारा. वेग साधारण १६५ ते १७५ मीटर प्रतिसेकंद असावा, आणि आकडा मोठा की लहान यापेक्षा दहा आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते महत्त्वाचे. फरक ४-५ मीटरच्या पुढे गेला तर रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्हचे काम निघणार. एअर पिस्तूल असेल तर ट्रिगरवर ५०० ग्रॅमचे वजन टांगून बघा. ट्रिगर न सुटता ते उचलले गेले नाही तर स्पर्धेच्या उपकरण तपासणीत पिस्तूल बाद होईल. एवढे झाल्यावर उरलेले १ लाख ५५ हजार पाठवायचे, आणि विकणाऱ्याने आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक वाढलेली बघायची. मोबाइलवर आलेला ‘क्रेडिटेड’ मेसेज बघायचा नाही, समोरच्याने दाखवलेला स्क्रीनशॉट तर नाहीच. खोटे स्क्रीनशॉट बनवणारी अ‍ॅप मिळतात आणि बँकेसारखे दिसणारे मेसेज कोणीही पाठवू शकतो.

विक्रीपावती साध्या कागदावर चालते. मेक, मॉडेल, सिरियल नंबर, सिलिंडरांची संख्या आणि त्यांवरच्या तारखा, रक्कम, यूटीआर (बँकेचा व्यवहार) क्रमांक, दोघांची नावे-पत्ते-सह्या, आणि तपासणी करणाऱ्या प्रशिक्षकाची साक्षीदार म्हणून सही. सोबत आधार जोडायचे असेल तर मास्क केलेले, पहिले आठ आकडे झाकलेले. पूर्ण आधारचा फोटो ग्रुपवर फिरला की पुढच्या ठगाची ओळख तयार. परदेशातून शुल्क-सवलतीत आणलेले हत्यार असेल, तर ते विकण्यावर अटी असू शकतात. आयातीचे मूळ कागद पाहिल्याशिवाय असा माल घेऊ नये. ‘कागद नंतर पाठवतो’ याला आम्ही तरी नकारच समजतो.

आतापर्यंत धोका घेणाऱ्याचा सांगितला. विकणाऱ्याचा धोका कमी बोलला जातो, आणि सध्या तोच जास्त त्रास देतो. घेणारा सज्जन दिसतो, भाव करत नाही, पैसे लगेच पाठवतो, पण ते तिसऱ्याच कोणाच्या खात्यातून येतात. तो तिसरा माणूस दूरच्या कुठल्याशा राज्यातला, सायबर फसवणुकीला बळी पडलेला. त्याने तक्रार केली की पैशाचा माग काढत पोलीस तुमच्या बँकेपर्यंत येतात आणि खात्यावर लिएन, म्हणजे पैसे काढण्यावर रोख, लागतो. कधी वादातल्या रकमेवर, कधी अख्ख्या खात्यावर. पगार येतो पण काढता येत नाही, गृहकर्जाचा हप्ता परत जातो, आणि खुलासा द्यावा लागतो तो आपण कधी न पाहिलेल्या गावच्या पोलीस ठाण्याला. रायफल तोवर गेलेली असते. म्हणून पैसे घेणाऱ्याच्याच खात्यातून आले पाहिजेत, ही अट विकणाऱ्याने आधी सांगावी. मामाच्या खात्यातले पैसे नकोत म्हटले ते यासाठी. रक्कम चुकून जास्त आली आणि ‘फरक या दुसऱ्या नंबरवर परत करा’ असा फोन आला, तर फरक स्वतःहून कुठेच पाठवू नका. बँकेला लेखी कळवा, परत जायचे ते पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात बँकेमार्फत जातील. क्लबने लोकांचे पैसे आपल्या खात्यात ठेवू नयेत, असे सुरुवातीला म्हटले त्यामागेही हेच कारण आहे. एका सदस्याच्या एका सौद्यापायी संस्थेचे खाते गोठले, तर प्रवेशिका, प्रशिक्षकांचे मानधन, पेलेटची ऑर्डर, सगळे थांबते. ‘एस्क्रो सेवा’ (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे ठेवायची सोय) म्हणून ज्या वेबसाइट समोरची पार्टी सुचवते, त्या बहुतेक समोरच्या पार्टीनेच बनवलेल्या असतात.

परवान्याच्या हत्यारांबाबत क्रम कायद्यानेच ठरवला आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार, खासगी वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेले हत्यार दुसऱ्या पात्र व्यक्तीला विकता येते, पण आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. त्यात घेणाऱ्याचे नाव-पत्ता द्यावा लागतो, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत परवान्याचे काम आयुक्तालयाकडे असते, इतरत्र जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. त्या पत्राची पोच शिक्क्यासह घ्या. ४५ दिवस तिच्या तारखेपासून मोजायचे, सौदा ठरला त्या दिवसापासून नव्हे.

पैशाच्या दृष्टीने हे दीड महिने फार वाईट असतात. पूर्ण रक्कम आधी दिली तर घेणाऱ्याचे पैसे अडकतात, हत्यार आधी दिले तर दोघेही गुन्हेगार ठरतात. मधला मार्ग असा : पोच दाखवल्यावर लहान टोकन, पावतीवर स्पष्ट लिहून की परवानगी किंवा नोंद नाकारली गेल्यास ते पूर्ण परत. बाकी रक्कम नोंदीच्या दिवशीच. हत्याराचा ताबा, परवान्यावरची नोंद आणि पैसे या तिन्ही गोष्टी एका दिवशी, शक्य तर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात व्हाव्यात. विक्रेत्यामार्फत विकले तर पैसे दुकानाच्या चालू खात्यात, बिलासह. त्याचे कमिशन जाते हे खरे, पण रजिस्टरमध्ये नोंद होते आणि वाद झाला तर दाखवायला बिल असते. २ लाखांच्या वरची रक्कम आरटीजीएसने पाठवता येते, खाली एनईएफटी.

टोकन देण्याआधी घेणाऱ्याने स्वतःचा परवाना नीट वाचावा, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. परवान्यावर १२ बोअरची बंदूक लिहिली असेल तर तिच्यावर .२२ ची रायफल घेता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. खेळाडूंना वेगळी सवलत आहे, पण ती आपल्याला लागू आहे का ते पाहूनच पुढे जावे. परवान्यावर यूआयएन (परवानाधारकाचा विशिष्ट ओळख क्रमांक) आहे का, परवान्याची मुदत पुढच्या दोन महिन्यांत संपत तर नाही ना, हेही पाहा. यांपैकी एक जरी अडले तरी पंचेचाळिसाव्या दिवशी नोंद होत नाही, आणि टोकनवरून भांडण सुरू होते.

कोकणात आणि गोव्याच्या सीमेलगतच्या गावांत आणखी एक प्रकार दिसतो. वडिलांच्या नावावर पीकसंरक्षणाचा परवाना, घरात १२ बोअर किंवा ठासणीची बंदूक, आणि वडील गेले. मुंबईतला मुलगा मोबाइलवर फोटो टाकून ती विकायला काढतो. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर ती बंदूक घरात ठेवण्याचा वारसांना आपोआप अधिकार नसतो. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची, आणि तिथूनच पात्र व्यक्तीला विकायची. घेणाऱ्याने जमा-पावती आणि सर्व वारसांचे संमतिपत्र पाहावे. त्या संमतिपत्रात पैसे कोणत्या खात्यात जायचे तो क्रमांक लिहून घ्यावा, आणि पैसे तेवढ्याच खात्यात पाठवावेत. नाहीतर थोरल्याला पैसे मिळतात आणि धाकटा नोटीस पाठवतो ती घेणाऱ्याला.

कुरियरबद्दल थोडक्यात. हत्यारासारखी वस्तू बहुतेक कुरियर कंपन्या घेत नाहीत, म्हणून लोक एअर रायफल ‘क्रीडासाहित्य’ किंवा ‘ट्रायपॉड’ लिहून पाठवतात. पार्सल हरवले किंवा रायफलचा दस्ता मोडला, तर चुकीच्या वर्णनामुळे विम्याचा दावा फेटाळला जातो, आणि पैसे द्यायचे की नाही हा वाद दोघांच्या गळ्यात पडतो. भरलेला सिलिंडर पार्सलमध्ये घालणे तर सरळ धोक्याचे. राज्यस्तरीय स्पर्धांना दोन्हीकडचे लोक येतातच, तिथे हातोहात व्यवहार करा. थांबणे जमत नसेल तर प्रवासाचा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेणे परवडते.

इतके करूनही पैसे गेले, तर पहिला फोन १९३० वर, लगेच. ग्रुपवर सल्ला विचारण्यात गेलेला तासच महागात पडतो, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात हलत असतात आणि ते जिथे थांबलेले आहेत तिथेच गोठवता येतात. फोन करताना रक्कम, वेळ, समोरचे खाते किंवा यूपीआय आयडी आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. यूपीआय व आयएमपीएसचा क्रमांक १२ आकडी असतो, एनईएफटीचा १६ अक्षरांचा, आरटीजीएसचा २२. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार आणि आपल्या बँकेला लेखी पत्र, पोचेसह. बँक भरपाई देईल या आशेवर मात्र राहू नका. आपणच पिन टाकून पाठवलेल्या पैशाची जबाबदारी सहसा आपल्यावरच येते. ‘रिकव्हरी करून देतो’ म्हणून नंतर जो माणूस फोन करतो, तो त्याच टोळीतला असतो.

आमची मागणी एवढीच आहे की येत्या कार्यकारिणी बैठकीत हा विषय घ्या. सिरियल नंबर आणि तपासणीच्या नोंदीसाठी एक जाड वही, तपासणीसाठी महिन्यातले ठरलेले दोन रविवार, आणि रात्रभर ठेवायला कपाटाचा एक कप्पा. खर्च जवळपास काही नाही. तपासणीचे ३०० - ५०० रुपये घेतले तर क्रोनोग्राफचे पैसेही यथावकाश निघतील. परवान्याची हत्यारे मात्र या कपाटात येणार नाहीत, हे वहीच्या पहिल्या पानावरच लिहून टाका.

आणि ग्रुपच्या वर पिन करायला हा मजकूर देतो, हवा तसा बदलून घ्या :

‘या ग्रुपवर विक्रीची जाहिरात टाकताना सिरियल नंबर आणि सिलिंडरवरची तारीख दिसेल असा फोटो हवा. फोटो नसलेली जाहिरात काढली जाईल. जाहिरात देणाऱ्याशी साध्या फोनवर बोलून अ‍ॅडमिन खात्री करतील. टोकन ५,००० रुपयांपर्यंतच, तेही व्हिडिओ कॉलनंतर. उरलेली रक्कम क्लबच्या रेंजवर तपासणी झाल्यावर, घेणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यातून विकणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात. क्लब पैसे स्वीकारत नाही आणि क्लबच्या नावाने कोणी मागितले तर देऊ नयेत. परवान्याच्या हत्यारांची जाहिरात या ग्रुपवर चालणार नाही, त्यासाठी परवानाधारक विक्रेत्याकडे जावे.’

कळावे.

आपले,
रेंज, बँक आणि दुरुस्तीच्या टेबलावरचे काही सहकारी